गुलाबी तुरा, खाली पिवळी फुलं: गगनबावड्याच्या वाटेवर हे काय दिसलं?

रंकाळ्यावरचा · १ जुलै

नमस्कार मंडळी. रविवारी गगनबावड्याला गेलतो. पाऊस असा की वायपरला दम नाही. चहाला थांबलो तिथं मागच्या बांधावर, जांभ्याच्या दगडांच्या फटीत एक झाड दिसलं. पानं हळदीसारखी रुंद, पण अजून पुरती उलगडलेली नव्हती. आणि बुडातून, अगदी मातीला लागून, एक जाडसर कणीस वर आलेलं. टोकाला गुलाबी-जांभळी पाकळीसारखी पानं, खाली हिरवे खिसे आणि त्या प्रत्येक खिशातून एकेक पिवळंधमक फूल डोकावतंय. बायको म्हणाली कुणाच्या तरी बागेतलं असणार. चहावाल्या मावशी म्हणाल्या, "ह्ये पावसाळ्यात येतंयच की." नाव त्यांनाही सांगता आलं नाही.

फोटो मोबाईलचे आहेत आणि भिजत काढलेत, तेव्हा हसू नका. कुणाला माहीत आहे का?

---

कट्ट्यावरचा_मिसळवाला · १ जुलै

सोनकी असंल भावा. पिवळं आहे आणि पावसात आहे म्हणजे सोनकीच. पुढचा प्रश्न विचारा.

---

रानवाट · १ जुलै

मिसळवाले, तुमच्या हिशोबानं श्रावणात सगळं जगच सोनकी. सोनकी बारीक, डेझीच्या घरातली, वर्षभराचं आयुष्य. बी पडलं की झाड संपलं. आणि ती फुलते ऑगस्ट-सप्टेंबरात. जूनच्या शेवटी बुडातून कणीस काढणारं हे झाड वेगळ्या घराण्यातलं आहे.

ही रानहळद. शास्त्रीय नाव कुर्कुमा स्यूडोमोंटाना. आपल्या जेवणातल्या हळदीची सख्खी नाही, पण चुलत बहीण नक्की. काही भागात शिंदळवाणी म्हणतात. भारताबाहेर कुठे सापडत नाही. सह्याद्री आणि पूर्व घाटाचा काही भाग, बस्स. १८३९ साली जॉन ग्रॅहॅमनं मुंबई इलाख्यातल्या वनस्पतींची यादी केली, त्यात हिला पहिल्यांदा नाव मिळालं. गंमत म्हणजे हा गृहस्थ टपाल खात्यात मोठा अधिकारी होता. पुस्तक छापून पुरं होण्याआधीच गेला.

फोटो पुन्हा नीट बघा. तुम्ही ज्याला पाकळ्या म्हणताय ती गुलाबी टोकं म्हणजे फूल नव्हेच. ती रंगीत सहपत्रं, मधमाश्यांना लांबून बोलावायला. खरं फूल खालच्या हिरव्या खिशात. एका खिशात दोन-चार कळ्या असतात, पण त्या एकदम उघडत नाहीत. आज एक, उद्या दुसरी. एक फूल जेमतेम दिवसभर टिकतं. म्हणून कणीस आठवडेभर ताजं वाटतं.

---

रंकाळ्यावरचा · १ जुलै

वा! म्हणजे मी फोटो काढला तो गुलाबी भागावर फोकस करून, आणि फूल गेलं धूसर. धन्यवाद रानवाट. मुसळी नाही ना ही? आमच्या आजोळी काळ्या मुसळीलाही पावसाच्या तोंडाला पिवळी फुलं येतात.

---

रानवाट · १ जुलै

काळ्या मुसळीचं फूल सहा पाकळ्यांची चांदणी, जमिनीला चिकटून. पानं गवतासारखी अरुंद. दोन्ही एकाच सुमाराला, एकाच बांधावर दिसू शकतात. पण एकदा शेजारी शेजारी बघितली की पुन्हा घोटाळा होणार नाही.

---

हळदकरी_शिरोळ · २ जुलै

आमच्या घरात तीन पिढ्या हळद. म्हणून बोलतो.

रानहळद बघितली की आमची माणसं पहिलं काय करतात? कंद उकरतात, नखानं खरवडतात आणि पिवळा निघाला नाही की टाकून देतात. फूल पिवळं म्हणून कंद पिवळा असा काही हिशोब नसतो. रानहळदीच्या मुळांच्या टोकाला बदामाएवढ्या गाठी असतात, त्या आतून पांढऱ्या. आमच्या सेलम जातीच्या हळदीचा कंद मोडला तर बोटं दोन दिवस पिवळी राहतात. हिच्यानं काही होत नाही. तेव्हा ही हळद म्हणून विकायला कुणी उकरत असंल तर ते निव्वळ येडेपणाचं काम.

दुसरी एक गोष्ट लोकांना माहीत नसते. आपली शेतातली हळद सहसा बी धरत नाही. तिच्यात गुणसूत्रांचे तीन संच, एकूण ६३. त्यामुळं फूल आलं तरी पोटात बहुतेक काही राहत नाही. म्हणून तर अक्षय तृतीयेच्या सुमारास बेणं लावायचं, आठ-नऊ महिन्यांनी काढायचं, गड्डे वेगळे, हळकुंडं वेगळी, आणि पुन्हा त्यातलंच बेणं ठेवायचं. म्हणजे आमच्या शिवारातली सगळी सेलम एकाच झाडाचे तुकडे म्हटलं तरी चालंल. रानहळदीची गुणसूत्रं ४२. ती बी धरते. तिचं प्रत्येक रोप थोडं निराळं असतं.

---

वनस्पती_वेडी · २ जुलै

हळदकरी दादा, फार छान सांगितलंत. बी कुठे असतं तेही सांगते, कारण ते बघायला जाम मजा येते. सगळी फुलं गळून गेली की लोक कणीस संपलं समजतात. ते कुजकट, चिकट झालेले हिरवे खिसे बोटांनी हळूच फाकवायचे. आत पावसाचं पाणी साठलेलं असतं. त्यात एखादी मेलेली मुंगी, थोडा शेवाळी वास. आणि तळाशी पातळ सालीचं बोंड. साल इतकी नाजूक की बोटाच्या दाबानं फुटते. आत तपकिरी बिया आणि प्रत्येक बीला पांढरट, फाटक्या झालरीसारखा गर चिकटलेला. हा गर मुंग्यांसाठी. हळदीच्या घराण्यात बी इकडंतिकडं नेण्याचं काम बऱ्याचदा त्या करतात.

मी शाळेत विज्ञान शिकवायचे. मुलांना जास्वंद कापून दाखवायचो आम्ही सगळे. एकदा हे कणीस दाखवायला हवं होतं असं आता वाटतं. यातला पुंकेसर नुसता उभा नसतो, त्याला खाली दोन टोकं असतात. माशी आत घुसली की ती टोकं ढकलली जातात आणि पुंकेसर वाकून तिच्या पाठीवर पराग टेकवतो.

---

रंकाळ्यावरचा · ४ जुलै

आता खरा प्रश्न. मला हे झाड गच्चीत लावायचंय. काल एका आठवडी बाजाराबाहेर एक माणूस पोतं पसरून बसला होता. "जंगली हळद, कावीळ, साखर, सांधेदुखी, सगळ्यावर" म्हणत कंद विकत होता. ताजे उकरलेले, माती ओली. काहींना ते गुलाबी कणीस तसंच लोंबत होतं. २० रुपयांना एक. मी घेतला नाही, पण हात खिशात गेला होता हे खरं. घ्यावा का?

---

कट्ट्यावरचा_मिसळवाला · ४ जुलै

घ्या की. २० रुपयांत हल्ली कटाची वाटीसुद्धा येत नाही.

---

वनस्पती_वेडी · ४ जुलै

नका घेऊ. दोन कारणं.

पहिलं औषधाचं. पूर्व घाटात आंध्राकडचे जातापू आणि सवरा लोक हिचे कंद कावीळीवर आणि इतर दुखण्यांवर वापरतात, हे नोंदलेलं आहे. पण ती त्यांची जाणकारी आहे. कुठला कंद, कधी काढायचा, किती, कशात उगाळायचा हे त्यांना ठाऊक. पोत्यावरच्या माणसाला "सगळ्यावर" एवढंच ठाऊक. त्या पोत्यात सगळे कंद एकाच झाडाचे असतील याचीही खात्री नाही. कणसं गळाली की रानहळद, आंबेहळद आणि चवर (तीही हळदीच्याच घराण्यातली रानवनस्पती) यांचे गड्डे नवख्याला वेगळे करता येत नाहीत. कावीळ झालेल्या माणसाच्या यकृतावर असले प्रयोग करू नयेत. आधी रक्त तपासा, डॉक्टरकडे जा.

दुसरं कारण फुलण्याच्या वेळचं. कणसासकट उकरलेलं झाड म्हणजे बी धरायच्या आत उचललेलं. त्या जागी पुढच्या वर्षी ना कंद, ना बी.

---

ट्रेकर_पन्हाळा · ५ जुलै

थोडं जास्त होतंय असं नाही वाटत? एक कंद नेला तर सह्याद्री रिकामा होतो का? आम्ही दर जुलैला पन्हाळा ते पावनखिंड चालतो, मसाई पठार पार करून. हजारो पोरं चालतात त्या वाटेनं. १६६० साली महाराज ज्या वाटेनं विशाळगडाला गेले त्या वाटेवर चालायला मिळतं हेच मोठं. येताना कुणी एखादं रोप आणलं, घरी जगवलं, तर झाडाचं भलंच की. घरोघरी लागली तर संपणार कशी?

---

हळदकरी_शिरोळ · ५ जुलै

भावा, हजारो पोरं चालतात म्हणालास ना. मग "एक कंद" कसा झाला? तूच गुणाकार कर.

आणि घरोघरी लावण्याचं म्हणशील तर ते आमच्या हळदीला लागू पडतं. मी गेल्या साली बेणं विकलं, त्यानं हळद कमी झाली नाही, वाढली. कारण बेणं माझ्या रानातलं, मीच लावलेलं आणि पुन्हा लावणार. रानातल्या हळदीला लावणारा कोण? तिथं काढणारेच सगळे.

---

रानवाट · ५ जुलै

कायद्याचंही बोलू. राधानगरी अभयारण्याच्या हद्दीतून कंद, रोप, फूल काहीही उपटून आणणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं गुन्हा आहे. राधानगरी, चांदोली, कोयना आणि कास ही २०१२ साली पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारसा यादीत गेलेली ठिकाणं. आपल्या जिल्ह्याच्या दारातली. हद्दीबाहेरच्या बांधावर कायदा ढिला पडतो हे मान्य. म्हणून तर नियम आपणच पाळायचा.

एक विनंती. रंकाळ्यावरचे, पहिल्या फोटोत चहाच्या टपरीची पाटी दिसतेय. तेवढी कापून फोटो पुन्हा टाकाल का? इथे वाचणारे सगळेच कॅमेरा घेऊन जात नाहीत. काही खुरपं घेऊनही जातात.

---

रंकाळ्यावरचा · ५ जुलै

कापून टाकला. कंदही घेणार नाही. पण गच्चीचं डोक्यातून गेलेलं नाही. सरळ मार्ग काय?

---

वनस्पती_वेडी · ६ जुलै

सरळ मार्ग म्हणजे कुणाच्या तरी बागेत वाढलेल्या झाडाचं बी किंवा फुटवा. माझ्याकडे मैत्रिणीच्या परसातून आलेली रानहळद कुंडीत आहे. जंगलातला तुकडा नाही. जगवायला सोपी, मारायला त्याहून सोपी. मरते ती बहुतेक वेळा प्रेमानं, म्हणजे हिवाळ्यात घातलेल्या पाण्यानं.

कुंडी रुंद घ्या, बारा इंची तरी. मातीत जांभ्याचा भुगा किंवा विटांचे खडे आणि कुजलेला पालापाचोळा अर्धा अर्धा. कोल्हापूरची काळी माती नुसती भरू नका, ती पाणी धरून बसते. दुपारचं ऊन टळेल अशी जागा. ऑक्टोबर उलटला की पानं पिवळी पडायला लागतात. इथे सगळे घाबरतात आणि पाणी वाढवतात. वाढवू नका, बंद करा. पानं वाळून झोपली की कुंडी वळचणीला सरकवायची आणि मृगापर्यंत विसरायची. कुंडी रिकामी दिसते म्हणून घरातलं कुणीतरी त्यात कोथिंबीर टाकतं आणि रोज पाणी घालतं. आमच्याकडे सासूबाईंचा हात होता. म्हणून आता कुंडीवर खडूनं "झोपली आहे" लिहून ठेवते.

बी पावसाच्या शेवटी मिळालं की लगेच पेरा. ठेवून ठेवून वाळवू नका. रोपाला फूल यायला मात्र वर्षं लागतात, घाई असेल तर झेंडू लावा.

---

सडेकर · ११ जुलै

मी शाहूवाडीकडचा. कामाला कोल्हापुरात. धागा उशिरा बघितला.

पोत्यावर कंद विकणाऱ्या माणसावर सगळे तुटून पडलाय ते बरोबर. पण त्यानं उकरले किती? पोतंभर. माझ्या गावाच्या वरच्या अंगाला जांभ्याचा सडा, म्हणजे उघड्या खडकाचं पठार, होता. लहानपणी गुरं घेऊन जायचो. मृगाचा पाऊस पडला की आठ दिवसांत तिथं कोंब यायचे, आधी हिचे, मग गवत, मग तेरडा. गौरीला तेरडा तिथनंच आणायचो. जानेवारी ते मे तिथं बघाल तर काळा खडक, वाळलेलं गवत आणि वणव्याची राख. वणवा दरवर्षी लागायचा. त्यानं रानहळदीला काही व्हायचं नाही, ती खाली मातीत झोपलेली. गवत जळून जायचं, ही पावसात पुन्हा वर.

मग एका उन्हाळ्यात तिथं जेसीबी आला. एका जागेच्या धन्यानं प्लॉट पाडायला घेतले. कागदावर "पड जमीन". बघायला आलेल्या साहेबांनी मार्चमध्ये पाहणी केली. मार्चमध्ये तिथं काय दिसणार? हातभर माती खरवडली आणि कडेला ढीग लावला. त्या ढिगात ह्या बदामासारख्या गाठी मी स्वतः बघितल्यात, उघड्या पडलेल्या, उन्हात सुकलेल्या. मजुरांची पोरं त्यांनी गोट्या खेळत होती. पुढच्या पावसात त्या जागी रानमोडीचं तण उगवलं.

साळींदर आणि रानडुक्कर पण कंद उकरतात हो. पण ते खातात, सांडतात, तुकडे इकडंतिकडं पडतात, काही जगतात. जेसीबी वरची मातीच उचलून नेतो. सड्यावर माती असतेच किती! खडकावर टीचभर.

---

रानवाट · ११ जुलै

सडेकर, हे लिहिल्याबद्दल आभार. माझ्या मते या धाग्यातला सर्वांत महत्त्वाचा प्रतिसाद हा आहे. चार महिने दिसणारं आणि आठ महिने न दिसणारं झाड सरकारी पाहणीत कायम हरतं, कारण पाहणी कोरड्या दिवसात होते. रस्ता सुका, गाडी वर जाते, साहेबांचे बूट चिखलात जात नाहीत.

आणि हे एकट्या रानहळदीचं नाही. सड्यावरच्या कितीतरी वनस्पती कंदाच्या रूपात उन्हाळा काढतात. मुसळी, कंदीलपुष्पं, रानकांदे, आमऱ्या (ऑर्किड). वर शाहूवाडी, राधानगरी, चंदगडकडच्या पठारांखाली बॉक्साईट आहे. म्हणजे वरून पड आणि खालून पैसा.

---

ट्रेकर_पन्हाळा · १२ जुलै

सडेकर, वाचून गप्प झालो. या वर्षी मोहिमेत आमच्या गटाला मधल्या पायवाटेनंच नेतो, कडेच्या गवतात तंबू नको म्हणून सांगतो. कंदाचं मात्र माझं मत अजून अर्धंच बदललंय. जिथं जेसीबी येणार हे नक्की आहे, तिथले कंद आधी उचलून वाचवले तर ते चूक कसं?

---

वनस्पती_वेडी · १२ जुलै

ते चूक नाही. पण ते गच्चीत नेऊन होत नाही, एखाद्या वनस्पती उद्यानाला सोबत घेऊन करावं लागतं. नोंद ठेवून, कुठून आणलं ते लिहून. शिवाजी विद्यापीठाचं वनस्पती उद्यान आपल्या शहरातच आहे. कंदीलपुष्पांसाठी तिथल्या वनस्पतिशास्त्र विभागानं मोठं काम केलंय, प्रा. श्रीरंग यादव यांचं नाव त्यासाठी देशभर घेतलं जातं. मोजकीच झाडं उरलेल्या जाती बियांपासून वाढवून पुन्हा रानात लावता येतात, हे इथेच सिद्ध झालंय. रानहळद तेवढी दुर्मीळ नाही. म्हणूनच तिच्याकडे कुणी बघत नाही.

---

आंबा_घाट_भटक्या · १४ जुलै

विषय पिवळ्या फुलांचा निघालाच आहे तर आपल्या जिल्ह्याच्या एका खास मानकऱ्याची आठवण करून देतो. सोनघंटा. ऍब्युटिलॉन रानडेई. पिवळी-केशरी, घंटेसारखी लोंबणारी फुलं. रानहळद झुडूप नाही, ही आहे. पण राहण्याच्या जागा रानहळदीपेक्षा फार थोड्या, अख्ख्या जगात महाराष्ट्रातल्या घाटांच्या काही कडांवर, आणि त्यात आपला आंबा घाट. १८९४ मध्ये वूड्रो आणि स्टाप्फ या वनस्पतिशास्त्रज्ञांनी नाव दिलं ते पुण्याच्या रानडे यांच्या नावावरून. इंग्रज अमदानीत झाडाला मराठी आडनाव लागणं ही काही रोजची गोष्ट नव्हती.

वाटेनं जाणारे कडा बघतात, धुकं बघतात, सेल्फी काढतात. सोनघंटा तिथंच असते.

---

कट्ट्यावरचा_मिसळवाला · १४ जुलै

हे एक नंबर. जाळ अन् धूर संगटच! पण आता धाग्याला दोन झाडं झाली. सोनघंटेचा वेगळा धागा काढा, मी पहिला प्रतिसाद देतो. "सोनकी असंल" म्हणून.

---

रंकाळ्यावरचा · ३ सप्टेंबर

धागा वर काढतोय. काल पुन्हा त्याच ठिकाणी गेलो, या वेळी मुद्दाम. झाड ओळखूच येईना! पानं कंबरेएवढी झालीत आणि बुडातलं कणीस गायब. मग दिसलं की पानांच्या मधोमध नवीन कणीस आलंय, पोंग्यातून वर. गुलाबी रंगही फिकट. ही तीच जात का दुसरी? या वेळी फोकस फुलावर आहे, बघा.

---

रानवाट · ३ सप्टेंबर

तीच. ही तिची खासियत. पावसाच्या तोंडाला बुडातून वेगळ्या दांड्यावर कणीस, आणि पावसाच्या उतरतीला पानांच्या मधून. एकाच झाडाचे जूनचे आणि सप्टेंबरचे फोटो शेजारी ठेवले तर माणसं दोन जाती म्हणून भांडतात. फोटो या वेळी सुरेख. फुलाच्या खालच्या पाकळीवरचा गडद पिवळा पट्टा स्पष्ट दिसतोय.

---

हळदकरी_शिरोळ · ४ सप्टेंबर

आमच्या हळदीला पण पानांच्या मधनं कणीस येतं, पण ते पांढरट-हिरवं, फुलं फिकी पिवळी. गडी मोडून टाकतात. रानातली जास्त देखणी, हे कबूल करायला लागतंय.

यंदा पाऊस थांबंना म्हणून कंदकूज लागलीय. बुडात पाणी साठलं की आमची सेलम बसते. ही रानातली मात्र चार महिने पावसात उभी राहून ठणठणीत. रानातल्या जातीतली ही ताकद आमच्या हळदीत आणायची म्हटली तरी आमची बी धरत नसल्यामुळं संकर करणं अवघड. म्हणून तर म्हणतो, ती रानात शाबूत राहिली पाहिजे. उद्या कुणाला काय शोध लागंल सांगता येत नाही, तेव्हा झाडच नसलं तर काय उपयोग?

---

सडेकर · १६ नोव्हेंबर

दिवाळीला गावी गेलतो. शेजारच्या वाडीचा सडा अजून शाबूत आहे. आता तिथं काही नाही, पानं वाळून भुईला चिकटलीत. आठवडाभरात तीही वाऱ्यानं जातील. त्या जागेचीही मोजणी चालू झाल्याचं कानावर आलं.

ग्रामसभेत उठून काय बोलायचं ते सांगा. "इथं फुलं असतात" म्हटलं तर हसतील.

---

रानवाट · १६ नोव्हेंबर

फुलं म्हणू नका. "लोक जैवविविधता नोंदवही" म्हणा. २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि तिची नोंदवही असायला हवी. आधी विचारा की नोंदवही कुठे आहे. बहुतेक ठिकाणी ती कपाटात असते आणि अर्धी कोरी. मग त्या सड्याचं नाव, गट नंबर, जून ते ऑक्टोबर तिथं काय काय उगवतं, गावात कोण काय वापरतं हे लिहून घ्यायचा आग्रह धरा. गुराख्यांची, गौरीला तेरडा आणणाऱ्या बायकांची नावं माहिती देणारे म्हणून येऊ द्या, त्यांची परवानगी घेऊन. आणि पाहणी पावसाळ्यात करावी अशी मागणी लेखी द्या, पोच घ्या. नोंद झाली म्हणजे काम थांबेलच असं नाही. पण "इथं काहीच नव्हतं" हे वाक्य मग कागदावर लिहिता येत नाही.

---

सडेकर · १६ नोव्हेंबर

पोच घेणं महत्त्वाचं, ते कळलं. पण माझ्याकडं पावसाळ्यातला एकही फोटो नाही. रोज बघायचो म्हणून कधी काढलेच नाहीत.

---

ट्रेकर_पन्हाळा · १७ नोव्हेंबर

तुमच्या शेजारच्या वाडीचं नाव व्यक्तिगत निरोपात कळवा. आमच्या गटातली दोन पोरं जुलैत त्या बाजूनं चाललेत, त्यांच्या मोबाईलमध्ये तारखेसकट आणि ठिकाणासकट फोटो असणार. गर्दीचे, झेंड्याचे फोटो आहेत, पण पायाखाली काय आहे ते बारीक बघावं लागंल. मी या शनिवारी सगळे चाळतो.

---

वनस्पती_वेडी · १७ नोव्हेंबर

मला पण पाठवा, ओळख पटवून देते. आणि रंकाळ्यावरचे, तुमच्यासाठी कुंडीतल्या कणसाचं बी ठेवलेलं नाही, ताजंच पेरलंय. उगवलं तर जूनमध्ये रोप न्यायला या. येताना कुंडी तुमची आणा, माझ्याकडे आता जागा नाही.

---

रंकाळ्यावरचा · १७ नोव्हेंबर

येतो ताई. बारा इंची घेऊन ठेवलीय. सध्या तिच्यात आईनं मेथी टाकलीय, पण मृगाच्या आत रिकामी करतो.